क्लचचा मधला नट घरी कसा काढलात?

मंडळी, मोटारसायकल टेम्पोत घालून तालुक्याला न्यायची तर भाडंच क्लचप्लेटांपेक्षा महाग पडतं. म्हणून मे महिन्यात निंबाखाली स्वतःच उघडली. कव्हर आणि स्प्रिंगचे चार बोल्ट आठ-दहाच्या पान्यांवर निघाले. काही गाड्यांत प्लेटा एवढ्यावरच हातात येतात, माझ्या गाडीत नाही. मधला नट चार खाचांचा, आणि पाना लावला की हब (प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग) सोबत फिरतो. मी छन्नी-हातोडी घेतली आणि दोन खाचा खाल्ल्या. तुम्ही काय केलंत ते लिहा. बढाया नकोत, फसलेलंही लिहा.

अमळनेर
छन्नी ठेवून द्या. गाडी टॉप गियरमध्ये टाका, चेन जागेवर असू द्या आणि कोणालातरी मागचा ब्रेक दाबायला बसवा. हब गियरबॉक्समार्गे चाकाला जोडलेला असतो, चाक धरलं की हब थांबतो. मी आधी पहिल्या गियरमध्ये प्रयत्न केला. त्यात नटावरचा जोर चाकापर्यंत कितीतरी पट होऊन पोचतो, ब्रेक पुरत नाही. आमच्याकडे ब्रेकवर आजी होती. दर मिनिटाला विचारायची, "कितला येळ दाबी धरू रे भाऊ?" नट सुटला तेव्हा माझ्याआधी तीच ओरडली.

रावेर
खाचांच्या नटासाठी भंगारातलं जाड सॉकेट आणलं आणि ग्राइंडरवर तोंडाला चार दात राहतील असं घासलं. अर्धा दिवस गेला. दात थोडे लांब ठेवा, आखूड झाले तर सॉकेट घसरतं आणि बोटं सोलतात (अनुभव). नटाखाली वॉशरचा कान दुमडलेला असेल तर तो आधी सरळ करा. मी केला नव्हता, नट हलत नाही म्हणून तासभर गाडीलाच शिव्या घातल्या.

शहादा
आमच्याकडे ब्रेक दाबायला कोणी नसतं. जुनी लोखंडी प्लेट वेल्डरकडे नेऊन तिला हातभर पट्टी जोडून घेतली. प्लेटचे आतले दात हबवर बसतात, पट्टी फुटरेस्टला टेकते, आपण एकटे नट फिरवायला मोकळे. जुन्या प्लेटा भंगारात देऊ नका.

चाळीसगाव
मी क्लच उगाच खोलला. कन्नड घाटात इंजिन ओरडायचं, गाडी चढायची नाही. प्लेटा काढल्या तर चांगल्या जाड. लिव्हरला ढिलाईच नव्हती, केबल कायम ताणलेली. टोकाला १० ते २० मिलिमीटर खेळ ठेवला आणि काम झालं. पाहुण्याकडे उरलेलं कारचं ऑइल टाकलं असेल तर तेही तपासा. आपला क्लच ऑइलात बुडालेला असतो, डब्यावर जासो एमए (असा क्लच घसरू न देणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलंच लागतं.

धुळे
काढणं सोपं हो, बसवताना बघा. नव्या प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवल्या, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, गॅसकेट नवीन, सगळं शहाण्यासारखं. किक मारली, गाडी सुरू. आनंदात चहा मागवला, तर बायको बशी घेऊन आली. बशीत चहा नव्हता, मधल्या नटाचा वॉशर होता.