‘नाइन टू फाइव्ह’ म्हणजे नुसता नखांचा किस्सा?

मुक्ता_बी : काल इथे कुणीतरी लिहिलं, अमेरिकन गायिका डॉली पार्टननं ‘नाइन टू फाइव्ह’ सिनेमाच्या सेटवर बसल्या बसल्या नखं एकमेकांवर घासली, टाइपरायटरसारखा आवाज आला आणि त्याच नावाचं गाणं झालं, बायकांच्या हक्कांचं वगैरे नंतर चिकटवलेलं. वाचून डोकं उठलं. नखांचं खरंय, रेकॉर्डमध्येही ती वाजलीत. पण ‘नाइन टू फाइव्ह’, म्हणजे नऊ ते पाचची नोकरी, हे नाव कुठून आलं? १९७३ मध्ये बॉस्टनच्या ऑफिसांतल्या कारकून बायकांनी याच नावाची संघटना काढली. संस्थापकांपैकी कॅरन नसबॉम ही अभिनेत्री जेन फोंडाची युद्धविरोधी चळवळीतली मैत्रीण. तिच्याकडून ऐकलेल्या हकिकतींवरून फोंडाला सिनेमा सुचला आणि त्या सिनेमासाठी हे गाणं लिहिलं गेलं.

जुना_श्रोता : संघटना होती, मान्य. पण १९८१ मध्ये गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिलं आलं ते ठेक्यामुळे. युनियनचा त्यात शब्दसुद्धा नाही. डॉली स्वतः राजकारणापासून कायम चार हात लांब.

मुक्ता_बी : राबायचं आम्ही, श्रेय साहेबाला, बढतीचं नाव नाही. गाण्यात दुसरं आहे काय?

जर्सीची_सुमा : नव्वदीत मी इथे एका विमा कंपनीत डेटा एंट्री करायचे. मी तयार केलेला रिपोर्ट साहेबांनी मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून मांडला, तेव्हा मी त्याच खोलीत पाहुण्यांना कॉफी ओतत होते. गाडीत हे गाणं लागलं की आवाज मोठा करायचे. ठेक्यासाठी नव्हे.

केकवाला_नितीन : मग २०२१ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, जाहिरातीत डॉलीनंच ते ‘फाइव्ह टू नाइन’ करून गायलं, त्याचं काय? पाचला ऑफिस सुटलं की स्वतःचा धंदा. चांगलंच आहे की.

मुक्ता_बी : पगारात भागत नाही म्हणून रात्रीही राबायचं आणि वर त्याला स्वप्न म्हणायचं? त्या बायकांनी ठरल्या वेळेत पुरेसा पगार मागितला होता. जाहिरातीनं सगळ्यावर बोळा फिरवला.

केकवाला_नितीन : तुम्ही माझ्या रात्रींवर बोलू नका. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केकच्या पैशांत झालंय, पगारात नाही.

मुक्ता_बी : तेच तर म्हणतेय! पगारात व्हायला हवं होतं.

जर्सीची_सुमा : मुक्ता, त्याच्यावर कशाला ओरडतेस? कमी पगार त्यानं ठरवलाय का?

जुना_श्रोता : गाणं बाजूलाच राहिलं. बरं, नाव त्या बायकांचं, एवढं धरलं. पण डॉलीची चाल नसती तर बॉस्टनबाहेर त्यांना कुणी विचारलं नसतं.

मुक्ता_बी : चाल तिचीच, कोण नाही म्हणतंय? मग नखांसोबत बॉस्टनही सांगत जा.