आरसी विमानाचं ४६ चं ग्लो इंजिन हवेत गेलं की बंद पडतंय, रविवारच्या आत उत्तर पाहिजे

सुळग्याचा_पतंग (बुधवार, रात्री १०:१२)
नमस्कार मंडळी. रिमोटवर उडवायचं विमान आहे, त्याला ग्लो (तापत्या प्लगवर चालणारं) इंजिन. इंजिन जमिनीवर झकास चालतंय. आयडल धरतंय, फुल थ्रॉटलला कान बसतील असं ओरडतंय. विमान वर गेलं, दोन-चार चकरा झाल्या, नाक जरा वर घेतलं की आवाज एकदम बारीक होतो आणि गप्प. तीनदा झालं. दोनदा कसंबसं उतरवलं, तिसऱ्यांदा बांधावर आपटलं आणि पुढचं चाक वाकलं. कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करायची सुई दोन्हीकडं फिरवून बघितली, प्लग नवा टाकला. मामाच्या शेतातलं भात कापून झालंय, सोमवारी मसूर पेरणार म्हणतोय. म्हणजे रविवार शेवटचा. लवकर सांगा की. इंजिन स्वस्तातलं आहे पण नवीन आहे, त्यामुळं खराब असायचा प्रश्न नाही.

निपाणीकर (रात्री १०:२५)
कुठलं इंधन, कुठला प्रॉप (पंखा), किती टाक्या चालवलंय, टाकी कुठं बसवलीय, मफलरवरून टाकीला प्रेशरची नळी आहे का?

सुळग्याचा_पतंग (रात्री १०:३१)
इंजिन ४६ आहे म्हटलं की वर. बाकी सगळं नॉर्मल आहे.

निपाणीकर (रात्री १०:३३)
डॉक्टरकडं जाऊन "पोट दुखतंय, बाकी सगळं नॉर्मल" असं सांगतोस का? जे विचारलंय ते सांग.

हिरवी_मिरची (रात्री १०:४०)
४६ म्हणजे ४६ सीसी? आमच्या लुनाचं ५० होतं. एवढं मोठं इंजिन विमानाला लावून उडवताय, शेजारी काही म्हणत नाहीत?

लेथ_मास्तर (रात्री १०:५२)
ताई/दादा, ४६ म्हणजे ०.४६ घन इंच, साडेसात सीसी. मुठीत मावतं.

पतंग, "नवीन आहे म्हणून खराब नाही" हे स्वस्तातल्या इंजिनाबद्दल कधी बोलू नकोस. माझं उद्यमबागेत लेथचं काम आहे, अशी सात-आठ इंजिनं खोलून बघितलीत. धातू वाईट नसतो. घाई असते ती शेवटच्या हाताला. क्रँककेसमध्ये मशीनिंगचा कीस राहिलेला, मागच्या झाकणाचे स्क्रू नुसते टेकवलेले, कार्ब्युरेटरच्या मानेतली रबरी रिंग चिमटलेली. यातल्या कुठूनही हवा आत गेली तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि इंजिन असंच आवाज बारीक करून मरतं. स्क्रू आवळलेस का? चालू इंजिनाच्या मागच्या झाकणाभोवती इंधनाचे दोन थेंब सोड. आवाज बदलला तर तिथून हवा खातंय.

सुळग्याचा_पतंग (रात्री ११:०४)
स्क्रू आवळलेत मास्तर. थेंब टाकून बघतो उद्या. आणखी एक, फिरवताना पिस्टन वरच्या टोकाला अडकतो, कुईं करतो. मित्र म्हणाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून जरा सैल कर. करू का? म्हणजे तेच कारण असेल?

लेथ_मास्तर (रात्री ११:०६)
अजिबात नको!!! त्या मित्राला माझ्याकडं पाठव.

पितळेची लायनर (सिलिंडरची आतली नळी), तिला आतून क्रोम आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन, असं असतं ते. लायनर वरच्या बाजूला मुद्दाम निमुळती ठेवतात. थंड असताना वर अडकणारच. चालून गरम झालं की वरचा भाग जास्त पसरतो आणि माप बरोबर जुळतं. पेस्ट लावलीस तर थंडीत छान सैल फिरेल आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन नावाला उरणार नाही. फार घट्ट वाटलं तर सुरू करायच्या आधी हेअर ड्रायरने इंजिनाचं डोकं तापव.

बॅटरी_बाबू (रात्री ११:१५)
अजून तेल-मेणचट करत बसलायत लोक. ब्रशलेस मोटर, चार सेलची लिपो बॅटरी, साठ ॲम्पिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा). स्विच दाबा, उडवा. सुई नाही, प्लग नाही, विमान पुसायचं नाही.

निपाणीकर (रात्री ११:१९)
त्याने मोटर घेऊ का असं विचारलंय का? तुझ्या दोन बॅटऱ्या फुगल्या तेव्हा तूच इथं धागा काढला होतास, विसरलास होय.

पतंग, इंधन सांगितलं नाहीस अजून. आणि रनिंग-इन (नवीन इंजिन मुरवणं) कसं केलंस? दोन टाक्या एकदम रिच (इंधन जास्त), फोर-स्ट्रोकसारखं फडफडत चालवायचं, सुई पार बाहेर. ते केलं नसशील तर तेच कारण.

लेथ_मास्तर (रात्री ११:३०)
ते रिंगवाल्या इंजिनाला. असं बिनरिंगचं लायनर-पिस्टन असलं की थंड फडफडत ठेवणं म्हणजे अडकणाऱ्या पिस्टनला वर तसंच घासत राहणं. याला गरम होऊ द्यावं लागतं. दोन-दोन मिनिटं चालवायचं, थोडं रिच पण न फडफडता, टू-स्ट्रोकमध्ये, मग थंड करायचं.

निपाणीकर (रात्री ११:३४)
मी वीस वर्षं रिच चालवतोय, एकही गेलं नाही.

लेथ_मास्तर (रात्री ११:३५)
तुमची सगळी रिंगवाली असतील.

निपाणीकर (रात्री ११:४१)
एक नव्हतं.

जुना_कॅडेट (गुरुवार, सकाळी ६:०५)
आमच्या वेळी एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनवर (तारेला धरून गोल फिरवायच्या विमानांना) डिझेल इंजिनं असायची. प्लग नाही, बॅटरी नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समान भाग, वरचा कॉम्प्रेशनचा स्क्रू फिरवायचा आणि बोटाने प्रॉप मारायचा. उजव्या हाताच्या तर्जनीवर अजून खूण आहे. तुम्हा पोरांना ग्लोचा हट्टच का ते समजत नाही. ईथरचा वास आला की अजून मैदान आठवतं.

सुळग्याचा_पतंग (सकाळी ७:४८)
काका, छान वाटलं वाचून, पण रविवार जवळ येतोय.

इंधन घरी केलंय. मिथेनॉल ८०, एरंडेल २०. जोर वाढवणारं नायट्रो नाही, परवडत नाही. मिथेनॉल केमिकलच्या दुकानातून आणलं, आधार कार्ड दाखवून वहीत सही करून. एरंडेल किराणा दुकानातलं. प्रॉप ११ बाय ६. टाकी इंजिनपेक्षा खाली आहे. मफलरची नळी जोडलीय. झाली का माहिती?

हिरवी_मिरची (सकाळी ८:१०)
एरंडेल?? ते पोट साफ करायला घेतात ना?

निपाणीकर (सकाळी ८:२२)
हो, आणि इंजिनाला वंगण म्हणून पण.

पतंग, किराणातलं नको. पहिल्या घाण्याचं, फिकट, स्वच्छ बघून घे. आणि मिथेनॉलचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला होता का? ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पाणी मिसळलेलं असलं की प्लग वरचेवर विझतो.

उडती_चटणी (सकाळी ८:४०)
एरंडेल महाग पडतं, त्याऐवजी मोटारसायकलचं टू-टी ऑइल टाका. टू-स्ट्रोकच आहे ना इंजिन.

लेथ_मास्तर (सकाळी ८:४४)
टू-टी पेट्रोलमध्ये विरघळतं, मिथेनॉलमध्ये नाही. बाटलीत वर-खाली दोन थर दिसतील. इंजिनात नुसतं मिथेनॉल जाईल आणि पिस्टन खरडला जाईल. कृपा करून असं काही लिहू नका, कोणीतरी खरंच करतं.

बॅटरी_बाबू (सकाळी ९:०१)
आणि मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही. विषारी आहे ते वेगळंच. मोटरला असलं काही नाही. 🙂

जुना_कॅडेट (सकाळी ९:१५)
हे मात्र खरं. मैदानात ओली गोणी जवळ ठेवावी.

मडगाव_ते_खानापूर (सकाळी ११:२०)
सगळा धागा वाचला. एक बाजूची गोष्ट आधी. मी गोव्याहून खानापुरात आलो तेव्हा समुद्रकाठी लावलेली सुई इथं चालेना. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, हवा पातळ, तेवढ्याच सुईला मिश्रण रिच होतं. दोन-तीन क्लिक आत घ्यावी लागली. पण तुझं दुखणं उलटं आहे. तुझं आवाज बारीक करून मरतंय, म्हणजे इंधन कमी पडतंय.

आता दोन प्रश्न. टाकी नेमकी किती खाली आहे? टाकीचा मध्य सुईच्या रेषेत किंवा फार तर सेंटीमीटरभर खाली असावा. आणि फुल थ्रॉटलला विमान हातात धरून नाक सरळ वर केलंस का? आवाज किंचित चढला पाहिजे. पडला तर लीन.

सुळग्याचा_पतंग (दुपारी १:०५)
मोजलं, एक सेंटीमीटर खाली. नाक वर करून बघितलं होतं, भावाने धरलं होतं. काही झालं नाही, आवाज चढला. म्हणूनच डोकं चालेना. थेंब पण टाकून बघितले मास्तर, काही फरक नाही.

मडगाव_ते_खानापूर (दुपारी १:३०)
टाकी भरलेली होती ना तेव्हा?

सुळग्याचा_पतंग (दुपारी १:३३)
भरलेलीच की. प्रत्येक वेळी भरूनच सुरू करतो.

मडगाव_ते_खानापूर (दुपारी १:४०)
अर्ध्या टाकीवर कर. आणि टाकीतून कार्ब्युरेटरला जाणाऱ्या नळीकडं बघ, बुडबुडे दिसतात का.

सुळग्याचा_पतंग (दुपारी १:४४)
बुडबुडे येतात थोडे. ते नॉर्मल ना?

निपाणीकर (दुपारी १:४५)
😑

लेथ_मास्तर (दुपारी १:५०)
हे काल रात्री १०:१२ ला लिहायचं होतंस.

निपाणीकर (दुपारी १:५८)
टाकी कशात गुंडाळलीस? थरथरीने पण फेस होतो. आजूबाजूला स्पंज भर, लाकडाला टेकू देऊ नकोस.

चिकोडी_एक्सप्रेस (दुपारी २:३०)
विमान उडवायला परवानगी आहे का पण? सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. ड्रोनचे २०२१ चे नियम वाचा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर गेलात की ग्रीन झोन (विनापरवानगी उडवायची हद्द) संपला.

सुळग्याचा_पतंग (दुपारी २:४१)
आमचं सुळगं वेंगुर्ला रोडवरचं आहे हो, सांबरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि माझं विमान २०० फूट जाईपर्यंत बंद पडतंय, तेच तर विचारतोय.

चिकोडी_एक्सप्रेस (दुपारी २:४४)
माहिती म्हणून सांगितलं. रागावू नका.

मडगाव_ते_खानापूर (दुपारी ३:१०)
टाकीच्या आत जी नळी असते, जिच्या टोकाला वजन लोंबतं, ती कधी बदललीस का? सोबत आलेली आहे की दुसरी?

सुळग्याचा_पतंग (दुपारी ३:२२)
ती बदलली होती. ऑनलाइन घेतलेल्या टाकीत नळी लहान आली, दुकानवाला फोन उचलेना. मग मेडिकलमधून सलाईनची नळी आणून कापून लावली. बरोबर बसली. दोन महिने झाले असतील.

लेथ_मास्तर (दुपारी ३:२४)
झालं.

मडगाव_ते_खानापूर (दुपारी ३:३५)
टाकी काढ, बूच उघड, नळी बाहेर घे आणि वाकवून बघ. सलाईनची नळी पी.व्ही.सी.ची असते. तिला मऊ ठेवणारं द्रव्य मिथेनॉल हळूहळू धुऊन काढतं आणि मग ती कडक होते. पितळी नळीवर चढवलेली असते तिथं, म्हणजे टाकीच्या पुढच्या टोकाला, आधी चिरते. टाकी भरलेली असेपर्यंत चीर इंधनात बुडालेली, काही कळत नाही. टाकी अर्धी झाली आणि नाक वर केलं की सगळं इंधन मागं जातं, चीर उघडी पडते आणि इंजिन तिथून हवा ओढतं.

जुना_कॅडेट (दुपारी ४:०२)
आम्ही सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरायचो.

लेथ_मास्तर (दुपारी ४:०५)
काका, तुमच्या रॉकेलमध्ये ती किती दिवस टिकायची?

जुना_कॅडेट (दुपारी ४:१९)
एक दुपार. दुसऱ्या दिवशी फुगून नुसता चिकटा.

सुळग्याचा_पतंग (संध्याकाळी ७:५०)
आत्ता टाकी उघडली. नळी पिवळी पडलीय आणि खराट्याच्या काडीसारखी कडक. सरळ धरली तर काहीच दिसत नाही, म्हणून म्हटलं ठीक आहे. वाकवली तर पितळेच्या कडेलाच चीर उघडली, माशाच्या तोंडासारखी. वजन पण खाली लोंबत नव्हतं, नळीला जसा बाक होता तसं टाकीच्या मध्येच अधांतरी. अर्धा चहाचा कप इंधन तळाला आणि हा वरून हवा पितोय.

सिलिकॉनची नळी कुठं मिळेल बेळगावात उद्यापर्यंत? ऑनलाइन मागवली तर मसूर उगवून येईल.

निपाणीकर (संध्याकाळी ७:५८)
माझ्याकडं वीतभर आहे. शनिवारी खडेबाजारात येतोय, घेऊन जा. पण किराणातलं एरंडेल टाकून दे आधी.

बॅटरी_बाबू (रात्री ८:१०)
वीतभर नळीसाठी निपाणी ते बेळगाव. बरं.

निपाणीकर (रात्री ८:१२)
कुंद्यासाठी येतोय. नळी जाता जाता.

लेथ_मास्तर (रात्री ८:३०)
नळी कापताना वजन टाकीच्या मागच्या भिंतीला घासू देऊ नकोस, तीन-चार मिलिमीटर मोकळं ठेव आणि टाकी हलवून आतून खुळखुळ ऐक. आणि बाहेरची नळी पण सलाईनचीच असणार, ती पण बदल.

सुळग्याचा_पतंग (रात्री ८:३३)
कसं ओळखलंत?

मडगाव_ते_खानापूर (रात्री ८:४१)
बुडबुडे दिसले म्हणालास ना.

सुळग्याचा_पतंग (रविवार, दुपारी १२:१५)
चार टाक्या उडवल्या. तिसरीला मुद्दाम नाक वर करून अर्ध्या टाकीवर लूप मारला, आवाज हलला नाही. चौथीला चाक परत वाकलं, पण ते माझ्या हाताने, इंजिन चालू असताना. मामा बांधावर बसून बघत होता. आता म्हणतोय पेरणी बुधवारी केली तरी चालेल.

हिरवी_मिरची (दुपारी १२:४०)
तो पेस्टवाला मित्र मास्तरांकडं गेला का पण?