वाइल्ड सॅल्मन जन्मतो एका देशात, पोसतो दुसऱ्याच्या समुद्रात, मग त्याच्यावर हक्क कोणाचा?

नदीकाठ:
अटलांटिक सॅल्मनबद्दल वाचतोय. अंडी कॅनडाच्या नाहीतर स्कॉटलंडच्या नदीत, पिल्लं काही वर्षं तिथंच, मग समुद्रात उतरून पार ग्रीनलंडपर्यंत जातात, खाऊन धष्टपुष्ट होतात आणि अंडी घालायला परत त्याच नदीत. मग ग्रीनलंडच्या कोळ्यांना, दारातला मासा धरू नका, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

सागरवेल:
याच भांडणातून नास्को, म्हणजे उत्तर अटलांटिकमधल्या सॅल्मनसाठीची देशादेशांची संघटना, उभी राहिली ना. करार १९८२ चा, १९८३ पासून लागू, ऑफिस एडिनबरोला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे सॅल्मन धरायचा नाही, सूट फक्त पश्चिम ग्रीनलंडला ४० मैलांपर्यंत आणि फेरो बेटांना त्यांच्या हद्दीत. १९७१ ला पश्चिम ग्रीनलंडमध्ये जवळपास २,७०० टन मासा निघाला होता, आता कोटा दोन आकडी टनांचा असतो. एवढं त्यांनी सोडलंय, तर नदीवाल्या देशांनी नद्या नीट ठेवायलाच पाहिजेत, माझं तरी हेच मत आहे.

खवले_वाचणारी:
सागरवेल बरोबर बोलतायत, पण जाळी कमी करूनही मासा परत येत नाहीये, हे जास्त टोचतं. धोक्यातल्या प्रजातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या हिशेबात २००६ ते २०२० मध्ये अटलांटिक सॅल्मन २३ टक्के घटला. धरणं, तापलेलं पाणी, पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीतून येणाऱ्या समुद्री उवा (माशाच्या अंगाला चिकटणारे परजीवी), शिवाय तिथून सुटलेले मासे नदीत शिरून जंगली माशांशी संकर करतात. शिकताना मी खवला मायक्रोस्कोपखाली पाहिलाय, नदीतल्या वर्षांची वर्तुळं अगदी दाटीवाटीने आणि समुद्रात उतरल्याबरोबर एकदम लांब लांब. अख्खा प्रवास त्या नखाएवढ्या तुकड्यावर असतो हो.

नदीकाठ:
खवल्याचं माहीतच नव्हतं, थँक्यू ताई! पॅसिफिकमध्ये काय करतात मग?

सागरवेल:
तिकडे १९९२ चा वेगळा करार आहे, खुल्या समुद्रात सॅल्मन धरायला बंदी. पण युकॉन नदीचं बघा, उगम कॅनडात, मुख अलास्कात. २०२४ मध्ये दोघांनी मिळून चिनूक या सॅल्मनच्या जातीची मासेमारी ७ वर्षं थांबवली, म्हणजे त्या माशाचं साधारण एक आयुष्य. सीमेवर ७१,००० चिनूक पोचले पाहिजेत असं ठरलंय. नदीकाठच्या आदिवासी कुटुंबांचे मासे सुकवायचे कॅम्प मात्र ओस पडलेत आणि तिथली पोरं मासा कापायला शिकणार कुठे, हा प्रश्न मला रोज छळतो.