१९८९ ची बुलेट ३५०, सहा वर्षं उभी: घेण्याआधी काय बघू, सुरू कशी करू?

माणदेशी_चाक

साताऱ्याजवळच्या गावात १९८९ ची बुलेट ३५० स्टँडर्ड विकायला आहे. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. सहा वर्षं पडवीत उभी. आरसी ज्यांच्या नावावर आहे ते वारले, मुलगा विकतोय. नोंदणीची मुदत २०१९ मध्ये संपली.

इंजिन फिरतं, पण किक फार जड लागते. ऑइलची दांडी जवळजवळ कोरडी निघते, तरी गाडीखाली डाग नाही. मुलाचं म्हणणं, दोन लिटर ऑइल ओता आणि किक मारा, सुरू होईल. टाकीत गंज आहे. पैसे देण्याआधी काय तपासू, आणि घेतली तर काम कोणत्या क्रमाने करू?

चेसिसनंबर

दादा, इंजिनाचं नंतर बघा, आधी कागद. हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर आणि क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या खोळीवरचा) इंजिन नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. रंग घासून आकडे उघडे करा. आकड्यांच्या भोवती ग्राइंडरचे ओरखडे असतील किंवा आकडे एका ओळीत बसत नसतील तर तिथूनच परत फिरा. बुलेटची क्रँककेस बदललेली असणं नवीन नाही, पण त्याची नोंद आरटीओत झालेली हवी.

मालक हयात नसल्यामुळे फक्त फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायच्या नेहमीच्या अर्जांवर) सही घेऊन भागणार नाही. आधी वारसाच्या नावावर गाडी चढली पाहिजे, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. मग त्याच्याकडून तुमच्याकडे २९-३०. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवायचा.

नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर खेपेला पाच वर्षांचं. त्यासाठी गाडी चालत्या स्थितीत तपासणीला न्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात, म्हणजे चार वर्षं थकली की १४,४०० नुसते उशिराचे. शिवाय नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. म्हणून सौद्याच्या आधीच आरटीओत एकूण थकबाकी काढा आणि ती किमतीतून वजा करून मागा. व्हिंटेज नोंदणीचा विचारही नको, तिला ५० वर्षं पूर्ण लागतात.

फ्लोटिंग_बुश

दोन लिटर ऑइल अजिबात ओतू नका! दांडी कोरडी, खाली डाग नाही आणि किक जड, याचा अर्थ ऑइल गाडीतच आहे, फक्त चुकीच्या जागी. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्या मागच्या कप्प्यात असते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की फीड पंपातून ऑइल झिरपून पुढे क्रँकच्या कप्प्यात उतरतं. त्यावर आणखी दोन लिटर घातलं तर क्रँक ऑइलात बुडून फिरेल, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) आणि सायलेन्सरमधून ऑइल बाहेर फेकलं जाईल आणि सील उडतील.

खालचे ड्रेन बोल्ट वेगळे ओळखा, एक टाकीचा आणि एक क्रँककेसचा. दोन्ही काढून रात्रभर निथळू द्या. निघालेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चकाकणारा कीस दिसला तर बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) संशय धरा. फिल्टरचं फेल्ट बदला, आणि नवीन बसवताना फिल्टरचा कप्पा ऑइलने भरून घ्या, नाहीतर पंप आधी हवाच ओढत बसतो. मग २०डब्ल्यू५० ऑइल दांडीच्या खुणेपर्यंत.

टायमिंग कव्हर (इंजिनाच्या उजव्या बाजूचं, आतल्या गिअरवरचं झाकण) उघडलंच तर क्रँकच्या टोकावरचं छोटं कॉर्क सील बदलल्याशिवाय बंद करू नका. हे सील गेलं की बिग एंडला जायचं ऑइल टायमिंगच्या कप्प्यातच सांडतं. ३५० च्या या इंजिनात बिग एंडला फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी धातूची कडी) असतो, त्याला ऑइलचा दाब लागतो. कोरड्या इंजिनाला पहिल्याच मिनिटाला ॲक्सिलरेटर पिळला तर हाच बुश जातो. आतलं वर्मचं (ऑइल पंप फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचं) नट उलट्या आट्याचं आहे, सवयीने डावीकडे जोर लावाल तर सुटण्याऐवजी आणखी घट्ट होईल.

किकवर जोर करू नका, आतला रॅचेट तुटतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. क्लच प्लेट चिकटल्या असतील तर क्लच दाबून चाक पुढेमागे हलवलं की बहुतेक सुटतात.

माणदेशी_चाक

मुलाच्या परवानगीने ड्रेन केलं. क्रँककेसमधून लिटरभराच्या वर काळं ऑइल निघालं, कीस नाही. प्लग लावून किक हलकी लागते आणि कॉम्प्रेशनवर पाय ठेवला तर अडून राहते. तरीही इंजिन पूर्ण उघडू का? जवळचा मेकॅनिक बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) नवीन पिस्टन घालू म्हणतोय.

मायक्रोमीटर

आत्ता नाही. किक कॉम्प्रेशनवर अडतेय म्हणजे रिंग आणि व्हॉल्व्ह कामापुरते धरतायत. कास्ट आयर्नचा बोअर जाड आणि टिकाऊ असतो, पण दर बोअरिंगला त्याचं एक आयुष्य कमी होतं. आधी गाडी सुरू करून शे-दोनशे किलोमीटर चालवा. निळा धूर कायम राहिला किंवा ऑइल पटापट कमी झालं, तर मग हेड-बोअर उतरवून मापं घ्या. बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा, आणि ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय लेथवाल्याकडे द्यायचा नाही. तेव्हाच कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. वर-खाली जरासुद्धा खेळ नको, बाजूला किंचित हलला तर हरकत नाही.

सुरू करण्यापूर्वी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ करून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगीचं टायमिंग पिस्टन टॉपच्या ०.८ मिलिमीटर आधी, ऑटो ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मिटलेला असताना. पॉइंट नेमके केव्हा उघडतात ते पातळ कागदाने कळतं: पॉइंटमध्ये अडकवलेला कागद हलक्या ओढीने सुटला की ती जागा. टायमिंग जास्त पुढे गेलं तर किक उलटी मारते आणि घोट्याला लागतं.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर जुळवायचे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

कार्बोरेटर मिककार्बचा असेल तर पायलट जेट काढून उजेडाकडे धरा, भोक आरपार दिसलं पाहिजे. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलची रबरी नळी नवीन घाला, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनी फुगते. बॅटरी ६ व्होल्टची की १२ ची हे बघूनच बल्ब आणि कॉइल आणा, दुकानदार सरसकट १२ चं देतो.

सुरू झाली की मंद चालू द्या. हेडवर रॉकरला जाणाऱ्या ऑइलच्या पाइपचा बँजो बोल्ट (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) पाव आटा सैल करा. मिनिटभरात तिथे ऑइल पाझरलं नाही तर लगेच बंद करा.

चेसिसनंबर

दोन गोष्टी राहिल्या. डावीकडचं प्रायमरी कव्हर (क्लच आणि त्याच्या साखळीवरचं झाकण) मधल्या एकाच नटावर असतं. गळतंय म्हणून तो नट आवळत राहिलात तर कव्हर वाकतं आणि आणखी गळतं, सील बदला. गिअर बॉक्समध्ये निव्वळ पातळ ऑइल टिकत नाही, ग्रीसमध्ये थोडं ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळून घाला.

टाकीला सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी रात्रभर, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची, ओली ठेवली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. आणि बाहेरून रंग द्यायची घाई करू नका. मद्रासच्या कारखान्यात टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढायचे. त्या मूळच्या रेघा शाबूत असतील तर पॉलिश करून तशाच ठेवा, स्टिकर लावून ती शोभा येत नाही.