बॉलपार्कवर आणि कोपऱ्यावरच्या पबमध्ये तुम्ही काय खाल्लंत?

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणि मुलांकडे चार महिने येऊन जाणाऱ्यांनीही लिहा. मागच्या वेळी इंडियन बुफेवर बोलून झालंय. आता गावातला पब आणि बेसबॉलचं मैदान. रेटिंगचे स्टार नकोत, प्रसंग हवेत, आणि वर आपल्या गावाचं नाव टाका.

मीच सुरू करते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा खेळ काडीचा कळत नव्हता, पण आत शिरताच लसणाचा असा घमघमाट आला की बास! लसणासाठी प्रसिद्ध गिलरॉय गावचा लसूण, गरम फ्राईजवर सढळ हाताने ओतलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मीटिंग आहे हे विसरले होते.

मिलवॉकी
आपल्याकडे वार असला की मासे बंद, इथे वाराला मासेच! कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळायचे, त्यातून आमच्या विस्कॉन्सिन राज्यभर पबमध्ये शुक्रवारचा फिश फ्राय रुजला. कॉड किंवा पर्च मासा, सोबत राय ब्रेड, कोलस्लॉ (कोबीचं सॅलड) आणि बटाट्याचं थालीपीठ म्हणावं असं पॅनकेक, त्यावर चक्क सफरचंदाचा गर. मालवणच्या सासूबाईंना घेऊन गेलो. तिखट नाही, कोकम नाही, म्हणून आधी नाक मुरडलं. मग पर्समधून मसाल्याची डबी निघाली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी डोकावून पाहिलं, त्यांनाही चिमूटभर मिळाला. ते घटाघट पाणी प्यायले आणि पुन्हा प्लेट पुढे केली. चीज कर्ड्स, म्हणजे चीजचे छोटे कच्चे गोळे, मात्र सासूबाईंना पटले नाहीत. ताजे असले की दाताखाली चुंई चुंई वाजतात. "हे शिजलंय का नक्की?"

शिकागो
हॉटडॉगवर केचप मागू नका. मी मागितला होता. गाडीवाल्याने ज्या नजरेने पाहिलं, ती पुरणपोळीवर सॉस मागणाऱ्याकडे माझी आजी टाकेल.

ओहायो
शाकाहारी मंडळींनो, फ्राईजही विचारून घ्या. एका पबमध्ये आम्ही दोन वर्षं दर महिन्याला खात होतो. एकदा सहज विचारलं, तर तळण बीफच्या चरबीतलं. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू कढई मीच ठेवली होती.

सिअ‍ॅटल
इथल्या मैदानात 2017 पासून भाजलेले नाकतोडे मिळतात, लिंबू-तिखट लावलेले. मेक्सिकोतल्या ओआहाकाचा पदार्थ. डोळे मिटून खाल्ले तर सुका जवळा. उघडू नका.

न्यू जर्सी
बाबा सोलापूरकडचे. त्यांना मैदानात नेलं, तर सगळीकडे शेंगा! टरफलासकट, भाजलेल्या, मीठ लावलेल्या. लोक टरफलं पायाखालीच टाकतात. बाबांना ते बघवेना, ते स्वतःची टरफलं पिशवीत भरत राहिले. तेवढ्यात विक्रेत्याने आमच्या रांगेकडे पाकीट फेकलं आणि बाबांनी ते एका हातात झेललं. आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागले. पाकीट पलीकडच्या माणसाचं होतं, पण त्याने ते बाबांनाच देऊन टाकलं.

बाबांनी शेंग फोडून एक दाणा चावला आणि म्हणाले, "भाजल्यात बऱ्या. गूळ आणायला हवा होता."

मिलवॉकी
न्यू जर्सी, गूळ खरंच न्या. बऱ्याच मैदानांत घरचं खाणं चालतं, फक्त काही ठिकाणी पिशवी पारदर्शक लागते. जायच्या आधी नियम बघून घ्या. आम्ही धपाटे नेतो.