8-10 न्यूटन-मीटरसाठी अर्धा इंची पाना नकोच
एकच अर्धा इंची टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या पिळाला, म्हणजे टॉर्कला आवळायचा पाना) सगळीकडे चालतो, हे मत चाकाच्या नटांपुरतं ठीक. व्हॉल्व्ह कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) एम6, म्हणजे 6 मिमी जाडीचे बोल्ट साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटरचे. 40 ते 200 न्यूटन-मीटरचा अर्धा इंची पाना तितका खाली उतरतच नाही. पाव इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतो ते चौकोनी टोक), 5 ते 25 चा घ्या.

एक गोष्ट राहिली. इतक्या कमी टॉर्कला क्लिक (लावलेला टॉर्क गाठल्याची पान्याची खूण) अगदी पुसट असते, ऐकू येण्याऐवजी हाताला जाणवली तर जाणवते. ती हुकली की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच! त्यामुळे मूठ मधोमध धरून सावकाश ओढा. आधी व्हाइसमध्ये पकडलेल्या बोल्टवर क्लिक ओळखून घ्या. आट्यांना तेल असेल तर कोरड्यासाठी दिलेल्या आकड्यालाही बोल्ट जास्त ताणला जातो.