काळ्या मातीत कलमी गुलाब: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाडा भागात घर आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या शेवटी अंगणात कलमी गुलाब लावायचे आहेत, कुंडीत नाही, जमिनीतच.

खरी काळजी मातीची आहे. आपली ही काळी चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गुलाबाच्या मुळाशी पाणी साचलं की ती कुजतात. म्हणून दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यात मुरूम, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचा विचार आहे. पण खड्ड्याभोवतीची माती तर चिकणच राहणार, मग पाणी खड्ड्यातच तुंबणार नाही का? त्यापेक्षा वाफा फूटभर उंच करावा का? ज्यांनी असं केलंय त्यांनी नक्की सांगा.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. फारच जड आहे, बादलीवर पांढरा थर बसतो. आधीच्या जास्वंदाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय असं वाटतं. गुलाबालाही तेच होईल. चिलेटेड लोह (म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारावं की मुळाशी द्यावं?

आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हिरवी जाळी लावता की दुपारची सावली पुरते? डोळा भरलेला जोड, म्हणजे कलम जिथे जोडलेलं असतं ती जागा, मातीच्या वर ठेवायचा, हे माहीत आहे.

गावठी गुलाबी गुलाब इथे कसाही तगतो, पण आईला लाल, लांब दांड्याचाच हवाय. आपल्या उन्हात टिकलेली जात सुचवा ना.